मधुमेही मांजरीला पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग: तो टाळायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: मांजरी अकरा वर्षांची, नसबंदी झालेली, वजन 6 किलो. मधुमेहासाठी दिवसातून दोनदा इन्सुलिन सुरू आहे. गेल्या सहा महिन्यांत दोनदा लघवीचा संसर्ग झाला आणि दोन्ही वेळा अँटिबायोटिकने बरी झाली. तो परत होऊ नये म्हणून रोज थोडं अँटिबायोटिक किंवा क्रॅनबेरी सुरू ठेवावी का? आणखी काय करता येईल?

आधी सरळ उत्तर देतो. प्रतिबंध म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नका. त्याने संसर्ग थांबत नाही, फक्त पुढच्या वेळी येणारा जंतू औषधाला न जुमानणारा असतो. क्रॅनबेरी मांजरांमध्ये उपयोगी पडते असा भरवशाचा पुरावा नाही, आणि तिच्या रसात साखर असते ती वेगळीच. उपयोग होतो तो तीन गोष्टींचा: रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं, मूत्राशय आणि त्याभोवतीची जागा स्वच्छ राहील अशी व्यवस्था करणं, आणि पुढचा संसर्ग लवकर व अचूक ओळखणं. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

मधुमेही मांजरांत हा त्रास जास्त का होतो? रक्तातली साखर साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते. साखर स्वतःबरोबर पाणी ओढून नेते, त्यामुळे लघवी भरपूर आणि पातळ होते. निरोगी मांजराची लघवी दाट असते (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला दाटपणा, 1.035 च्या वर) आणि तशा दाट लघवीत जंतूंना वाढणं अवघड जातं. हा बचाव मधुमेहात कमकुवत होतो. शिवाय साखर सतत जास्त असली की पांढऱ्या पेशी जंतूंना तितक्या जोमाने मारत नाहीत. माद्यांचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, म्हणून त्यांच्यात प्रमाण जास्त. वयाबरोबर मूत्रपिंडं थकलेली असतील तर धोका आणखी वाढतो. सापडणारा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, म्हणजे आतड्यातलाच, शेपटीखालून मूत्रमार्गात शिरलेला.

साखर नियंत्रणात आली की संसर्ग होणारच नाही, असं मात्र समजू नका. नियंत्रण चांगलं असलेल्या मांजरांनाही तो होतो. तरीही सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण संसर्ग आणि साखर एकमेकांना खतपाणी घालतात. संसर्गामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर चढते, लघवीत आणखी साखर जाते आणि संसर्ग पक्का होतो.

नियंत्रण कशाला म्हणायचं? दिवसाचा बहुतांश वेळ साखर 250 च्या खाली, आणि इन्सुलिनचा जोर सर्वाधिक असताना सर्वांत कमी आकडा 80 ते 150 च्या दरम्यान, हे व्यवहार्य उद्दिष्ट आहे. मांजराची साखर माणसासारखी अगदी घट्ट ठेवण्याच्या मागे लागू नका. 60 च्या खालचा आकडा संसर्गापेक्षा कितीतरी लवकर जीव घेऊ शकतो. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर भीतीनेच 300 च्या वर जाते, त्यामुळे तिथल्या एका आकड्यावरून डोस ठरवणं चुकीचं. घरीच कानाच्या कडेवर बारीक सुई टोचून, इन्सुलिनच्या आधी एकदा आणि नंतर दर दोन तासांनी, पुढच्या डोसपर्यंत मोजलेली साखर हे खरं चित्र. त्वचेवर चिकटवायचा सततचा ग्लुकोज सेन्सर मिळत असेल तर त्याहून सोपं. माणसांसाठीचे मीटर मांजराच्या रक्तात साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. मांजरासाठी जुळवलेला मीटर घ्या, किंवा एकच मीटर कायम वापरा आणि आकडा त्या हिशोबाने वाचा.

साखर आटोक्यात येत नसेल तर डोस वाढवण्याआधी सिरिंज तपासा. इन्सुलिन यू-40 (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असेल तर सिरिंजही यू-40 ची हवी. यू-40 इन्सुलिन यू-100 सिरिंजने 2 युनिटच्या रेषेपर्यंत भरलं, तर मांजरीला प्रत्यक्षात 0.8 युनिटच मिळतं. उलटी चूक झाली तर अडीचपट जास्त जातं, म्हणजे जिवाशी खेळ. बाटली फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठली असेल तर ती टाकून द्या. दर वेळी मानेवर एकाच जागी टोचल्याने कातडी जाड होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. कुशीच्या बाजूला, रोज थोडी जागा बदलून टोचा. डोस बदलल्यावर पुढच्या बदलापर्यंत पाच ते सात दिवस थांबा, तोवर शरीर नवीन डोसशी जुळवून घेतं.

अलीकडे मधुमेही मांजरांसाठी बेक्सॅग्लिफ्लोझिन आणि व्हेलॅग्लिफ्लोझिन ही तोंडावाटे द्यायची औषधं आली आहेत. इंजेक्शन टळतं म्हणून ती लोकांना आवडतात. पण त्यांचं कामच साखर लघवीवाटे बाहेर काढण्याचं आहे. म्हणजे रक्तातला आकडा उत्तम असला तरी लघवीत साखर कायम राहते, आणि लघवीचा संसर्ग हा त्यांच्या नोंदलेल्या दुष्परिणामांपैकी एक आहे. तुमच्या मांजरीला दोनदा संसर्ग झालाय आणि ती आधीच इन्सुलिनवर आहे. अशा मांजरीत मी या औषधांकडे वळणार नाही. ती चालू असलेल्या मांजरात लघवीतल्या साखरेची पट्टी निरुपयोगी ठरते आणि कीटोन्सवर (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण रक्तातली साखर ठीक असतानाही कीटोन्स वाढू शकतात.

आता आहार. ओलं खाद्य हे या आजारातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत परिणामकारक साधन आहे. त्यात साधारण 75 ते 80 टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास. शिवाय चांगल्या ओल्या खाद्यात कर्बोदकं कमी असतात. मधुमेही मांजराला कर्बोदकांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 12 टक्क्यांच्या आत असावी. हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, पण घरी काढता येतं. प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी यांचे टक्के 100 मधून वजा करा, उरतं ते कर्बोदक. समजा एका डब्यात प्रथिनं 11, चरबी 6, तंतू 1, राख 2 आणि पाणी 78 आहे, तर कर्बोदक 2. प्रथिनांना आणि कर्बोदकांना 3.5 ने, चरबीला 8.5 ने गुणा: 38.5, 51 आणि 7. एकूण 96.5, त्यात कर्बोदकांचा वाटा सुमारे 7 टक्के. हे चालेल. कोरड्या खाद्याचं एक उदाहरण घ्या: प्रथिनं 34, चरबी 14, तंतू 3, राख 8, पाणी 8, म्हणजे कर्बोदक 33. त्याच हिशोबाने हा वाटा जवळपास 33 टक्के येतो. पाकिटावर ‘मधुमेहासाठी’ लिहिलेलं असो वा नसो, हा हिशोब एकदा करून बघाच. दाट रश्श्याच्या डब्यांत पीठ किंवा स्टार्च असण्याची शक्यता जास्त असते.

इथे एक धोका आहे. कोरड्यावरून कमी कर्बोदकांच्या ओल्या खाद्यावर आल्यावर इन्सुलिनची गरज काही दिवसांतच खाली येऊ शकते. जुना डोस तसाच राहिला तर साखर धोकादायक उतरते. म्हणून बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करा, त्या काळात साखर रोज मोजा आणि बदल सुरू करण्याआधीच पशुवैद्यांना कळवा. मूत्रपिंडाचा आजारही सोबत असेल तर खाद्याची निवड त्यांच्याशी बोलूनच करा, कारण दोन्ही आजारांच्या गरजा एकमेकींशी नेहमी जुळत नाहीत.

पाणी कधीही रोखू नका. ‘फार पिते म्हणून फार मुतते’ हा समज उलटा आहे. लघवीत साखर पाणी ओढून नेते म्हणून ती पिते. पाणी काढून घेतलं तर लघवी कमी होत नाही, मांजरीच्या अंगातलं पाणी आटतं. दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून आणि लिटर बॉक्सपासून (लघवी-शीसाठीच्या वाळूच्या डब्यापासून) दूर, रुंद भांड्यात ताजं पाणी ठेवा. ती किती पिते हे आठवड्यातून एकदा मोजा: सकाळी मोजून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. दिवसाला प्रति किलो 100 मिलिलिटरच्या वर, म्हणजे तुमच्या मांजरीत 600 मिलिलिटरच्या वर, हे नक्कीच जास्त आहे. पण एका आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा. ओलं खाद्य खाणारी, नियंत्रणात असलेली मांजरी रोज 100 मिलिलिटर पीत असेल आणि दोन आठवड्यांत ते 250 झालं, तर काहीतरी बिघडलंय.

लिटर बॉक्सकडे जरा बारकाईने बघा, कारण घरातलं हेच तुमचं निदानाचं साधन आहे. गोळे होणारी, सुवास नसलेली वाळू वापरा, थर पाच-सात सेंटिमीटरचा. दिवसातून दोनदा गोळे काढा आणि काढताना मोजा. नियंत्रणातल्या मांजरीचे दिवसाला दोन ते चार मोठे गोळे असतात. साखर चढली की गोळे आणखी मोठे आणि जड होतात. मूत्राशयाला सूज आली की नाण्याएवढ्या छोट्या गोळ्या बॉक्सभर विखुरलेल्या दिसतात, मधेच एखादीवर गुलाबी छटा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिशवीसकट गोळ्यांचं रोजचं वजन घेऊन वहीत लिहिलंत, तर लक्षणं दिसण्याच्या आधीच फरक कळतो.

मधुमेहाने मागच्या पायांतल्या नसा दुबळ्या झाल्या असतील तर मांजर टाच टेकवून चालतं. अशा मांजरीला उंच कडेचा बॉक्स म्हणजे शिक्षा. ती जाणं टाळते, लघवी धरून ठेवते, आणि तुंबलेली लघवी जंतूंना फावते. एका बाजूची कड पाच-सात सेंटिमीटरवर कापलेला, शेपूट सोडून शरीराच्या दीडपट लांबीचा बॉक्स द्या. मांजरांच्या संख्येपेक्षा एक बॉक्स जास्त ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांनी वाळू पूर्ण बदलून बॉक्स साध्या भांड्यांच्या साबणाने धुवा. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरांना विषारी आहेत, ती अजिबात वापरू नका.

6 किलोची मांजरी जाड असेल तर तिच्या योनीभोवती कातडीची घडी पडलेली असण्याची शक्यता आहे, आणि हे बहुतेक वेळा कुणी बघितलेलंच नसतं. ती झोपलेली असताना शेपूट वर करून बोटांनी घडी हलकेच उघडा. आत ओल, लाली, वास किंवा चिकटलेली वाळू दिसली तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. लठ्ठपणामुळे किंवा सांधेदुखीमुळे तिला मागचा भाग चाटून साफ करता येत नाही. कोमट पाण्याने भिजवलेल्या मऊ कापडाने दिवसातून एकदा पुसा आणि पूर्ण कोरडं करा, ओल ठेवलीत तर पुसण्याचा उपयोग नाही. त्या भागातले केस बारीक ठेवा, पण ट्रिमरने. कात्रीने नको, मांजराची कातडी पातळ असते आणि केसांबरोबर ती सहज कापली जाते. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरवा, म्हणजे 30 ते 60 ग्रॅम. उपास घडवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. घडी खोल असेल आणि वजन उतरूनही त्रास थांबत नसेल, तर ती शस्त्रक्रियेने काढता येते.

आता तपासणी. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन संसर्ग म्हणजे तो ‘वारंवार होणारा’ संसर्ग धरतात. तुमची मांजरी त्यात बसते. म्हणून पहिला प्रश्न असा: त्या दोन वेळा युरिन कल्चर (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) झालं होतं का? की लघवीत तपासणीची पट्टी बुडवून ‘पांढऱ्या पेशी आहेत’ म्हणून औषध दिलं? पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरांत खोटा होकार देतो आणि नायट्राइटचा चौकोनही भरवशाचा नाही. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि कल्चर करणं, याला पर्याय नाही.

कल्चरसाठी नमुना पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला हवा. ऐकायला भयंकर वाटतं, पण 22 किंवा 23 गेजच्या सुईने अनुभवी हाताने हे काही सेकंदांत होतं आणि मांजर क्वचितच हलतं. बॉक्समधून किंवा फरशीवरून उचललेल्या लघवीत बाहेरचे जंतू इतके असतात की कल्चरचा अर्थच लावता येत नाही. नमुना लगेच फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा, बाहेर काही तास राहिला तर थोडे जंतू लाखांवर जातात. आणि नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्या. नंतर घेतलात तर ‘जंतू नाहीत’ असा अहवाल येईल आणि तो खोटा असेल.

दोन्ही वेळचे अहवाल हातात असतील तर ते शेजारी ठेवून वाचा. तोच जंतू, तीच औषध-संवेदनशीलता (कोणती औषधं त्याच्यावर चालतात), औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत परत: म्हणजे तो मुळात गेलाच नव्हता. मग मूत्राशयात खडा, गाठ किंवा मूत्रपिंडातला संसर्ग शोधायचा, त्यासाठी एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही. वेगळा जंतू असेल तर बाहेरून नव्याने शिरतोय. मग घडी, स्वच्छता, साखर आणि पातळ लघवीची इतर कारणं बघायची: रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), थायरॉइड. दर डोसला प्रति किलो 1.5 युनिटच्या वर इन्सुलिन देऊनही साखर उतरत नसेल, तर वाढीच्या संप्रेरकाचा आजार आहे का हे आयजीएफ-1 या रक्ततपासणीने बघावं. मधुमेही मांजरांत तो वाटतो त्यापेक्षा बराच जास्त सापडतो.

लक्षणं नसताना मधूनमधून कल्चर करत राहावं का? पूर्वी तसा सल्ला दिला जायचा. प्राण्यांमधल्या मूत्रसंसर्गावरची 2019 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वेगळं सांगतात: लघवीत जंतू आहेत पण मांजराला काहीच त्रास नाही, तर सहसा औषध देऊ नये, मधुमेह असला तरी. मला हे पटतं. ज्या अहवालावर काही करायचं नाही, तो मागवायचा कशाला? पण मधुमेही मांजरांत लक्षणं दबलेली असतात, म्हणून ‘त्रास’ या शब्दाची व्याप्ती मोठी ठेवा. वारंवार जाणं, कुंथणं, रक्त, बॉक्सबाहेर लघवी, सतत चाटणं ही नेहमीची लक्षणं झाली. त्याच्या जोडीला: कालपर्यंत पुरणारं इन्सुलिन अचानक कमी पडणं, कीटोन्स दिसणं, ताप, खाणं कमी होणं, कारणाशिवाय वजन उतरणं. यातलं काहीही दिसलं तर कल्चर कराच.

साध्या, कधीतरी होणाऱ्या मूत्राशयाच्या संसर्गाला योग्य अँटिबायोटिक तीन ते पाच दिवस पुरतं. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या संसर्गाला 10 ते 14 दिवस लागतात. वारंवार होणाऱ्यात मुदत कारणावर ठरते. गोळी देणं जमत नाही म्हणून दोन आठवडे टिकणारं सेफोव्हेसिनचं इंजेक्शन बरेचदा मारलं जातं. ते सोयीचं आहे, पण एंटेरोकॉकस या जंतूवर चालत नाही, आणि साध्या संसर्गाला इतकं ताकदीचं औषध वापरून आपण पुढची वाट अरुंद करतो. घरातलं उरलेलं औषध स्वतःहून कधीही सुरू करू नका. उदाहरणार्थ एन्रोफ्लॉक्सॅसिन मांजरांत दिवसाला प्रति किलो 5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर दृष्टिपटल निकामी होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं.

संसर्ग बरा होऊ लागला की इन्सुलिनचा परिणाम परत येतो. संसर्गाच्या काळात वाढवलेला डोस तसाच राहिला तर साखर कोसळते. म्हणून औषध सुरू झाल्यापासून पुढचे दोन आठवडे साखर रोज मोजा. डळमळत चालणं, थरथर, विचित्र गुंगी दिसली तर हिरड्यांवर ग्लुकोज सिरप किंवा मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

स्टेरॉइडबद्दल सावध राहा. खाज किंवा तोंड येणं यासाठी दिलेलं लांब टिकणारं स्टेरॉइडचं एक इंजेक्शन साखर अनेक आठवडे बिघडवतं आणि प्रतिकारशक्ती दाबतं. दुसऱ्या कोणत्याही पशुवैद्यांकडे गेलात तरी पहिल्याच वाक्यात ‘मधुमेह आहे’ हे सांगा. लघवी आम्ल करण्यासाठी व्हिनेगर किंवा आम्लकारी गोळ्या देऊ नका, कीटोन्स वाढलेल्या मांजरीला त्या घातक ठरतात. माणसांना लघवीच्या जळजळीसाठी देतात ते फेनाझोपायरिडीन मांजराला विषारी आहे, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेते.

मांजरीने खाणं सोडलं, उलट्या होतायत आणि लघवीत किंवा रक्तात कीटोन्स दिसतायत, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री न्या. अशा वेळी इन्सुलिन किती द्यायचं, की द्यायचंच नाही, हे ऐनवेळी ठरवता येत नाही. ‘जेवली नाही तर किती’ याचा नियम पशुवैद्यांकडून आजच लिहून घ्या आणि फ्रीजवर लावा. घरात बोका असेल तर त्याच्यासाठी एक वेगळी सूचना: तो वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाही, तर मार्ग तुंबलाय. अशा वेळी हातात काही तासच असतात, लगेच दवाखाना गाठा; संसर्ग आहे की नाही हे नंतर बघायचं.